दहावा कागद

सोमवार, ४ सप्टेंबर

दहा मुलं हवीत, नाहीतर वर्ग बंद. मुख्याध्यापिका ल्येर्काबाईंनी हे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, कुंडीतल्या रोपाला पाणी घालता घालता.

"यासेन्को सर, धर्माच्या तासाला मुसलमान पोरं होजांकडे जातात, कॅथलिक पाद्रींकडे. तुमच्या 'जगातले धर्म आणि समाज'ला राहतं कोण? पंधरा तारखेपर्यंत पालकांच्या सह्या आणा. दहा."

पंधरा वर्षं शिकवतोय हा विषय. घंटा झाली की सातवीचा वर्ग उभा फाटतो — अर्धी पोरं वरच्या मजल्यावर, अर्धी खाली. शेजारचा उपास का करतो, मेलेल्याला कसा निरोप देतो, आणि त्यामुळे गावाचा बाजार, लग्नं, भांडणं कशी घडतात, हे सांगणारा तास एकच. माझा. तो गेला की पोरांना फक्त आपापलंच ऐकू येणार. बाईंना त्याचं काय? त्यांचं रोप टवटवीत आहे.

मंगळवार, ५ सप्टेंबर

बाईंनी पालकांच्या सहीसाठीचे तीस कोरे कागद हातात ठेवले. जसे काही उपकारच. यादी घेऊन बसलो. तीसच्या तीस वाटत फिरायला मी निवडणुकीला उभा नाही. इथली घरं मला पाठ आहेत. आई एका धर्माची, बाप दुसऱ्याचा — द्या. आजोबा जुने कम्युनिस्ट — द्या. दाताचे डॉक्टर, कुठल्याच देवळात पाय ठेवत नाहीत — द्या. बारा निघाले. बाकीच्यांना देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती लामियाच घ्या. बाप सेनाहिद, बाजारातला बेकरीवाला. दाढी छातीपर्यंत. हातच्या काकणाला आरसा कशाला!

शुक्रवार, ८ सप्टेंबर

चार सह्या आल्या.

आज ऑफिसात नवी पोरगी दाखल झाली. इस्क्रा. नावावरून काही कळेना, तर कारकूनबाईंचा जीव कासावीस. "कुणाची गं तू? वडिलांचं नाव? आईचं माहेरचं आडनाव? आजी कुठल्या गावची?" धर्म हाती लागेपर्यंत सोडलं नाही. बोस्नियात माणूस भेटला की आधी त्याला कुठल्या खणात ठेवायचं ते ठरतं, मग कॉफी.

माझ्याही नावावरून पत्ता लागत नाही. चाळीस वर्षं लोक वडिलांचं नाव विचारतायत. मी सांगतो, "तेही यासेन्कोच." साफ खोटं. पण समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

सोमवार, ११ सप्टेंबर

सात.

मधल्या सुट्टीत लामिया दाराशी आली. "सर, तुमच्याकडे कागद मिळतोय ना? मला —"

"तुमचा कागद होजांकडे, बाळ. खाली जा."

मग गेली. पोरगी हुशार आहे. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला तिने विचारलं होतं, बॉक्सिंगच्या हॉलवर, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनाघरावर, दगडात तारा का कोरलाय, आणि ते लोक गेले कुठे? तीस पोरं रोज त्या ताऱ्याखालून जातात, विचारलं हिने एकटीने. अशी डोकी दाढीवाल्यांच्या घरात जन्माला येतात. नशीब.

बुधवार, १३ सप्टेंबर

नऊ! एकच हवा. संध्याकाळी दाताच्या डॉक्टरांच्या घरी जाऊन बसलो. कॉफी उत्तम, माणूस सुमार.

"सर, माझा देवावर काडीचा विश्वास नाही. पण पोराला पाद्रींकडे घातलंय. उद्या लग्नाला चर्चचा दाखला लागेल, नोकरीला ओळख लागेल. तुमच्या तासाला बसून त्याला काय मिळणार?"

यांना देव नको, देवाची चिठ्ठी हवी. यापेक्षा भाबडे परवडले.

दुपारी शाळेत रिफेत होजांनी आपल्या बुरेकातला, त्या खिम्याच्या पेस्ट्रीतला, अर्धा तुकडा माझ्यापुढे सरकवला होता. "माझ्यातली दोन-तीन घेऊन जा की. फार बडबडतात."

"तुमची तुम्हालाच लखलाभ."

ते हसले. "थट्टा नाही करत, यासेन्को. विचारून तर बघ."

यांचं काय जातंय बोलायला. वर्ग भरलेला आहे.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

नऊच. दोन वाजता बाईंनी वही मिटली. "नऊ म्हणजे दहा नाही, सर." गणित येतं बाईंना.

त्या नऊ पोरांना आता वर किंवा खाली जावं लागेल. मला अर्धं काम — ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकायची. घरी आलो आणि रडलो. बायकोने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. या गावाची लायकीच नाही. मुलाच्या जन्माच्या दिवशीच खण ठरवणारी माणसं!

सोमवार, १८ सप्टेंबर

सकाळी ग्रंथालयात सेनाहिद बेकरीवाला. अंगावर पीठ तसंच. टोपी काढून उभा राहिला.

"सर, माझ्या पोरीला कागद का नाही दिलात?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही तिला होजांकडे…"

"कोणी सांगितलं?"

नजर दाढीवर गेली असावी, कारण त्यानेही हात तिथेच नेला.

"ही? हो, पाच वेळा नमाज पढतो मी. मग? रमजानची रोटी माझ्या भट्टीतून निघते, आणि ईस्टरचा गोड पावही. पहाटे तीनला उठून करतो दोन्ही. कोण काय खातं, का खातं, हे माझ्या पोरीला कळायला नको? आठवडाभर कागदाची वाट बघत होती. मग घरी येऊन म्हणाली, सरांनी मला खाली पाठवलं."

आवाज चढला नाही त्याचा. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. वितळणारं लोणी तसंच टाकून आलोय म्हणाला, आणि गेला.

धावत बाईंकडे गेलो. वही उघडायची नाही म्हणाल्या. मुदत म्हणजे मुदत. मग त्यांनीच विचारलं, "कागद किती वाटलेत?"

"बारा."

"मी तीस दिले होते."

या महिन्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. अजून ते बघणं डोळ्यांसमोरून हलत नाही. एक बेकरीवाला म्हणजे गाव नव्हे. अपवाद असतात.

मंगळवार, १९ सप्टेंबर

उरलेले अठरा वाटून टाकले. मुदत गेलेली, उपयोग शून्य. पोरांना तसं सांगितलंही. बाईंच्या तोंडावर कोरे कागद आपटायचे होते, इतकंच.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

अकरा परत आले. सह्यांसकट.