ताटात उरलेलं अर्धं अंडं

मिन्हो, ९ मार्च

लाडक्या लुसिंदाला,

आजीचा पापा. कोंबड्या बऱ्या आहेत, माझा गुडघा नाही. अक्षर टपालवाल्या सेलेस्तचं, बोलणं माझं. ती सारखी विचारते, असंच लिहू का? असंच लिही म्हटलं.

वजन उतरावं म्हणून डॉक्टरांनी तुझं पोट कापून केळ्याएवढं केल्यापासून रविवारी तू पहिल्यांदाच पोर्तो शहरातून आलीस. पूर्वी आल्या आल्या पातेल्यांची झाकणं उचलायचीस. या खेपेला थेट खिडकीशी जाऊन लिंबाच्या झाडाची चौकशी केलीस. मला वाटलं, भूकच गेली, तर ही आजीकडे कशाला येईल?

तळलेल्या माशाचा वास नको, गोड नको. घड्याळात बघून जेवायला बसलीस. म्हणालीस, आत कुणीतरी सारखं हाका मारायचं, ते आता गप्प झालंय. कॉफीच्या बशीत चार चमचे सूप आणि एक अंडं. तेही गाईसारखं रवंथ करत. एवढ्यात माझं अंगण झाडून होतं म्हटलं, तर हसलीस. मग चमचा खाली ठेवलास.

"पुरे आजी. छान होतं."

अर्धं अंडं तसंच राहिलं. माझ्या घरात तू कधी काही टाकलं नव्हतंस. का, ते तुला आठवत नसेल. मला आठवतं.

तू चार वर्षांची होतीस. आईबाप कामाला फ्रान्सला गेले. तू उंबऱ्यावर बसून राहायचीस, घास घ्यायची नाहीस. मी म्हटलं, "ताट पुसून खा, म्हणजे आई येईल." तू खाल्लंस. ती आली ऑगस्टमध्ये, गावातल्या सगळ्यांचे परदेशातून सुट्टीला येतात तेव्हा. ती परत गेली त्या दिवशी तू दुसरं ताट मागितलंस. मी वाढलं. मग वाढतच राहिले आणि नात कशी गुटगुटीत म्हणून मिरवले. सेलेस्तने इथे पेन थांबवलंय. लिही गं.

रविवारी ताटात उरलं, तरी तू उठली नाहीस. तोंड रिकामं, म्हणून बोलत बसलीस. चारची बस सोडलीस, सहाचीही सोडलीस. तुला शिट्टी वाजवता येते हे मला एवढ्या वर्षांनी कळलं. शेवटच्या बसने तू गेल्यावर ते अर्धं अंडं मी खाल्लं आणि त्या दिवशी दुपारची झोप राहिली होती, ती खुर्चीतच लागली.

तुझी बशी धुऊन ठेवली आहे. ये. खा, नको असेल तर टाक. टाकलंस म्हणून कुणी यायचं राहणार नाही.

सहीच्या जागी फुली माझ्याच हातची आहे.

उंबऱ्यावर आता स्वतः बसणारी,
तुझी आजी ओतिलिया