सात नंबरची वाट

वाल्-द-कुर्व्हु,
९ ऑक्टोबर, गुरुवार

एर्मेलिंदा वन्सं,

फेलिझबेलाचा वाकून नमस्कार. (पाठ धरलीय, तेव्हा वाकले असं समजा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? तिकडच्या डॉक्टरच्या गोळ्या केरात टाका आणि कांद्याची टरफलं उकळून मध घालून पाजा. आणि थंडी वाजत असेल तर त्यांना म्हणावं, तो मेंढीच्या कातड्याचा कोट घालून बसा, तुमच्या भावाच्या सातव्या दिवसाची प्रार्थना झाल्या झाल्या तुम्ही पेटीत घालून फ्रान्सला नेलात तो. भावोजींना खांद्यात आखूड होतो ना अजून? मी तेव्हा काही बोलले नव्हते. आताही बोलत नाही.

तुमचं पत्र आणि बसचं तिकीट मिळालं. अठरा तारखेची बस. तुमचं म्हणणं मला पटलंय, तुमचा भाऊ जाऊन चार वर्षं झाली, एकट्या बाईने डोंगरात कोंबड्यांशी बोलत किती दिवस काढायचे. बॅग भरून ठेवलीय. खाटेखाली आहे आणि हे मी गावात कुणालाही सांगितलेलं नाही, पाद्रीबाबांनाही नाही, कारण पाद्रीबाबांना सांगितलं की पाववाल्याला कळतं आणि पाववाल्याच्या गाडीला भोंगा आहेच. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. उत्तराला उशीर झाला त्याला कारण मी नाही. सायकलवाले कारण आहेत.

आता तुम्ही म्हणाल कसले सायकलवाले. ह्या वर्षी नगरपालिकेच्या कुणा शहाण्याने वाटा आखल्या. समुद्राच्या कड्यावरून निघायचं, वाळूतून, मग निलगिरीतून, मग आपल्या बुचाच्या रानातून वर डोंगरमाथ्यापर्यंत. फुगीर टायरच्या सायकली, अंगाला चिकटलेली चड्डी (म्हातारे पण घालतात, बघवत नाही), डोक्यावर टोपलं. समुद्रावर झोपून आराम करायचा सोडून ही माणसं पैसे देऊन घाम काढायला येतात. आपल्या रानातून जाते ती सात नंबरची वाट. ठिकठिकाणी लाकडी खुंट्या ठोकल्यात आणि त्यावर सात. आपल्या रानातली खुंटी तिसऱ्याच दिवशी रानडुकराने उपटली.

आणि आपल्या रानात सात कशावर आहे, वन्सं? सगळ्यावर! तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही लहानपणी रंगाचा डबा धरून बापामागे फिरलात. बाटल्यांच्या बुचांसाठी झाडाची साल सोलली की सनाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने खोडावर काढायचा आणि पुढे नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही. तुमच्या भावाने शेवटचं सोललं ते सतरा साली. एकूण एक झाडावर सात. डावखुरा असल्याने त्याचा सात दारू प्यायल्यासारखा मागे झुकलेला, पोटात आडवी रेघ, असा सात ह्या डोंगरात दुसऱ्या कुणाचा नाही. तर सायकलवाल्यांनी काय केलं? खुंटी नाही, पण झाडावर सात दिसला, त्या झाडाकडे गेले. तिथून दुसरा सात दिसला. तिथून तिसरा. सकाळी दहाला रानात शिरलेले तिघे जर्मन दुपारी तीनला माझ्या अंगणात आले, कारण शेवटचं सात नंबरचं झाड माझ्या अंगणात आहे. चिखलाने माखलेले. त्यातला मोठा म्हणाला, "बाई, ह्या रानाला बाहेर जायची वाट नाही." मी म्हटलं, "वाट आहे, अक्कल नाही." पण हसले नाहीत ते. पांढरेफटक पडले होते. तुम्हाला दर ऑगस्टपासून सुरू होणारं ते धुकं आठवत असेल, भर दुपारी समुद्रावरून वर चढतं आणि रानात येऊन बसतं, उठायचं नाव घेत नाही. त्या धुक्यात त्यांच्या चाकांची टिकटिक मला दुपारभर ऐकू येत होती. जवळ येई, लांब जाई, परत जवळ. मला वाटलं घड्याळ बिघडलंय, मी त्याला दोनदा चापट मारली.

मी त्यांना सूप दिलं. मी द्यायला बसले नव्हते, त्यांनी मागितलं. मी म्हटलं सूप आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणे वर रानात एक आजोबा भेटले, हातात रंगाचा डबा. त्यांनी सांगितलं, "खाली घर आहे. बाई तोंडाची फटकळ आहे पण सूप देते. आधी पाय पुसा." आणि खरंच वन्सं, तिघांनीही पाय पुसले होते. मला वाटलं हा हर्मीनियु. पलीकडच्या उताराचा, तुम्हाला लग्नाची मागणी घालणारा तोच. मला फटकळ म्हणणारा दुसरा कोण आहे? (सगळेच म्हणतात, पण बाकीचे खाली गावात राहतात.)

चार दिवसांनी दोघी आल्या, हॉलंडच्या, मायलेकी. पुन्हा धुकं, पुन्हा टिकटिक, पुन्हा आधी पाय पुसलेले. लेक चांगली होती, भाषा थोडी येत होती. मला म्हणाली, "तुमचे ते आजोबा नुसत्या सदऱ्यावर फिरतात हो, आजी. असे कुडकुडत होते की ब्रशातला रंग उडत होता. आणि त्यांच्या हाताला काय झालंय? वाट दाखवली तेव्हा चारच बोटं होती." मला आजी म्हटल्याचा राग यायला हवा होता, पण हातातली पळी खाली पडली. हर्मीनियुची बोटं दहा आहेत, मोजून दहा, कुणाचंही कोंबडं पकडायला पुरतात. उजव्या हाताची करंगळी कुऱ्हाडीने नेलेला माणूस ह्या डोंगरात एकच होता.

तरी मी अशी तशी घाबरणारी नाही. केरसुणी घेतली आणि तरातरा हर्मीनियुच्या घरी गेले, म्हटलं नाटक करतोस काय मेल्या माणसाचं, बोट मुडपून. तो खुर्चीत. पाय कंबरेपर्यंत प्लास्टरमध्ये. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाढवावरून पडला. "फेलिझबेला," म्हणाला, "तुझ्या तोंडापेक्षा माझा पाय बरा, तो निदान नाताळपर्यंत नीट होणार आहे." मी म्हटलं, "गाढवाने गाढवाला पाडलं ह्यात नवल काय." मग त्याने दारूची बाटली काढली आणि हळू आवाजात विचारलं, "तुझ्या रानात दुपारचं कोण शिट्टी वाजवतं? परवापासून ऐकतोय." मी म्हटलं वारा. तो म्हणाला, "वाऱ्याच्या पुढच्या दातांत फट असते का?" आम्ही दोघांनी एकेक पेला घेतला आणि हवेवर बोललो.

आता ती ओळ आठवा. सोमवारी पोर्तोचा एक मास्तर आला. एकटा, गोलमटोल, सायकलची दया यावी असा. आपलाच माणूस, भाषेचा घोटाळा म्हणायलाही जागा नाही. दोन वाट्या सूप प्याला, मक्याचा पाव संपवला, तोंड पुसलं आणि जाता जाता, जसं कुणी दुधाचा निरोप सांगावा तसं म्हणाला, "हां, बाई, वर त्या आजोबांनी विचारलंय, बॅग भरली का?"

वन्सं, बॅगेचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही फ्रान्सातून कुणाला बोललात का? बोलला असाल तर लगेच कळवा, मी रागावणार नाही. बोलला असाल अशी मी देवापाशी प्रार्थना करतेय.

मंगळवारी बारा वाजता धुकं चढलं तशी सुपाची किटली घेतली आणि स्वतःच वर गेले. काय तो सोक्षमोक्ष. छत्तीस वर्षं ज्या रानात डोळे मिटून चालले तिथे वीस पावलांत वाट चुकले. मग काय, सातांच्या मागे लागले. झुकलेला सात, रेघेचा सात, पुढे आणखी एक. एकाला हात लावला तर रंग ओला. आठ वर्षांपूर्वीचा रंग! हात एप्रनला पुसला, अजून जात नाही. मग शिट्टी ऐकू आली. जवळ नाही, लांब नाही. तो सोलताना वाजवायचा तीच, दुसऱ्या ओळीला नेहमी चुकायची ती, आणि वन्सं, ती त्याच जागी चुकली. मी ओरडले, "भाकड शिट्ट्या काय वाजवतोस, समोर ये!" शिट्टी थांबली. आणि समोर धुक्यात आपलं थोरलं झाड. तेच, दोघांच्या कवेत न येणारं. सोललं त्याच्या पुढच्या साली वणव्यात उघडंवाघडं जळालं, तुमच्या भावाने रडत रडत स्वतः तोडलं, ज्याच्या बुंध्यावर मी गेली सात वर्षं कपडे वाळत घालते. ते उभं होतं. पानांसकट. खोडावर सात.

मी किटली त्याच्या मुळाशी ठेवली आणि पाठ फिरवली. पळाले नाही. भरभर चालले. मागे कुणीतरी सूप भुरकत होतं. संध्याकाळी धुकं उतरल्यावर गेले तर नेहमीचा बुंधा, त्यावर किटली, रिकामी. काठावर कोबीचे जाड देठ ओळीने मांडलेले. बत्तीस वर्षं सांगितलं, देठ खात जा, त्यात ताकद असते. मेल्यावरही ऐकत नाही.

असो. तर उशिराचं कारण हे. बॅग भरलेली आहे, अठरा तारखेला बसमध्ये बसते. भावोजींना नमस्कार, मुलांना पापा, देव तुमचे गुडघे सांभाळो.

तुमची भावजय,
फेलिझबेला

ता. क. बॅग उघडली. पळी त्यात गेली होती आणि आज चौघे सूप मागत होते. पळी काढली, मग चादरी काढल्या, मग म्हटलं सगळीच काढावी. वन्सं, मी येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात नऊ वर्षं पुरी होतात, रान सोलायला आलंय आणि मालकाने चार वर्षं आधी अंग काढून घेतलं म्हणून मालकिणीनेही घ्यायचं का? कुऱ्हाडवाले मी बोलवीन, डबा मी धरीन, आकडा मला काढता येतो. माझी शाळा तेवढी झालीय. तिकीट सोबत परत पाठवतेय.

ता. क. २. खरं म्हणजे हे पत्र कोटासाठी लिहिलंय. तो परत पाठवा. भावोजींना आखूडच होतो आणि तिकडे तुम्हाला घरात गरम नळ्या आहेत. इथे कुणीतरी नुसत्या सदऱ्यावर आहे. मी तो अंगणातल्या झाडाला टांगीन, पुढचं ज्याचं त्याने बघावं. माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे तुम्हाला माहीत आहे. पाहुण्यांना बघून थंडी वाजते, एवढंच.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार होते तोवर आणखी तिघे आले. पोर्तुगीजच, मोठमोठ्याने भांडत. निरोप घेऊन आलेत, जसाच्या तसा लिहिते : "ताई आधी नाही म्हणेल. नाही म्हणाली तर कोट मागायला मी स्वतः जातो." तुमच्या भावाला जन्मात सायकल आली नाही, तेव्हा फ्रान्स लांब आहे असं समजून तुम्ही निवांत राहाल. म्हणून सांगते, भांडण कशावरून चाललंय ते मी विचारलं. तिघे आहेत आणि सायकली दोनच. तिसरी झाडाला टेकवून ठेवली होती, म्हणतात.