वरचा छोटा दगड

तुळजापूर, रविवार, १६ नोव्हेंबर १९५८

पाय ठणकताहेत, पण जीव त्यामुळं जड नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं दरसाल डोंगर चढतो. माथ्यावर लोक मनात इच्छा धरून दगडावर दगड रचतात. लग्नापासून आम्हीही रचतो. एक ह्यांचा, एक माझा आणि सगळ्यांत वर एक छोटा. तो छोटा दगड हेच हौसेनं शोधायचे. जरा खडबडीत निघाला की टाकून दुसरा बघायचे.

आज तो मलाच वाटेत सापडला, अगदी गुळगुळीत. मुठीत धरून वर नेला. ह्यांनी दोन दगड रचले, हात झटकले आणि म्हणाले, "चल, ऊन लई झालं."

विसरले असतील? नाही. विसरलेला माणूस असं तोंड फिरवत नाही. मग मी तरी मूठ का उघडली नाही?

माझी आशा तर केव्हाच संपली होती. ह्यांची होती, म्हणून मी दरसाल चढत होते. आता कशासाठी चढू?

दगड पदराच्या गाठीत आहे. मघाशी ह्यांनी विचारलं, "गाठीत काय गं?"

"सुपारी," मी म्हणाले.