वसंतभाऊंच्या नावाचं तिकीट

सोम., १० नोव्हें. जळगाव

सकाळीच लॅबच्या धुळे शाखेतून सुनंदाताईंचा फोन. "भाऊ, बठ्ठं बंद शे. शिंदखेडानी आक्का सकायपाईन बशेल शे." आक्काच्या स्तनातली गाठ. शनिवारी धुळ्याला तिच्या तुकड्याची स्लाइड स्कॅन झाली, ती इथे पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दिसायला हवी. गाठ साधी की कॅन्सरची, हे कळल्याशिवाय तिकडचा सर्जन हात लावत नाही. आणि धुळ्याचं शेअर फोल्डर इथून उघडत नाही.
आधी दोन्हीकडची घड्याळं पाहिली. बरोबर. नेटवर्क बरोबर. सर्व्हरांची आपसातली ओळख तपासणारा करबरॉस म्हणतो, तिकीट जुळत नाही.
सुनंदाताईंना समजावलं: जळगावचा सर्व्हर तिकिटाला कुलूप लावून देतो, तुमच्या सर्व्हरकडे त्याची किल्ली असते. कुलूप बदललं, किल्ली जुनीच राहिली, असं झालंय.
"मंग बदलं कोनी?"
हो. तेच.

मंगळ., ११

पहाटेच्या एसटीने धुळे. मॅडम म्हणत होत्या पुण्याचा इंजिनियर बोलवू. म्हटलं, हे दोन्ही सर्व्हर मी आणि वसंतभाऊंनी पुस्तकं वाचून उभे केलेत, परक्याला दोन दिवस नुसतं समजायलाच लागतील.
वसंतभाऊ इथे स्लाइड स्कॅन करायचे; धुळ्याचं शेअर त्यांच्याच खात्यावर चालतं. त्यांनीच तसं लावलेलं. आषाढात गेले. स्कॅनरसमोरच्याच खुर्चीत. खातं मी काढलं नव्हतं, चालतंय तर चालू दे.
इथल्या किल्लीचा नंबर ४. तिकिटावर ५. नंबर आपोआप वाढत नाही. पासवर्ड बदलला तरच.
लॉग पाहिला. रविवारी दुपारी बदललाय, धुळ्याच्याच मशीनवरून. माझ्यासारख्या अ‍ॅडमिनने वरून बदलला तर लॉगमध्ये वेगळी नोंद पडते. इथे जुना पासवर्ड घालून मग नवा दिलाय. जुना फक्त वसंतभाऊंना माहीत होता.
रविवारी शाखा बंद. दाराच्या कॅमेऱ्यात दार उघडलेलंच नाही.
मी पासवर्ड माझ्या हाताने नवा दिला, नवी किल्ली करून ठेवली. ६. फोल्डर उघडलं. आक्काचे मालक बाहेर बाकावर बसलेले, म्हणाले, "नाना, आते कळी ना?" वयाने माझ्याहून मोठे, तरी मला नाना. म्हटलं, संध्याकाळपर्यंत.

बुध., १२

मॅडमनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.
"वर्तुळ कोणी काढलं?"
आक्काच्या स्लाइडवर, अगदी कडेला, हिरवं वर्तुळ. वसंतभाऊंची सवय. शंका आली की हिरवं वर्तुळ काढून ठेवायचे, मॅडम बघतील म्हणून. त्यांच्यानंतर धुळ्यात कोणी काढत नाही.
बाकी सगळी स्लाइड साधी. वर्तुळात पेशी वाईट.
"मी दुसऱ्यांदा पाहणारच होते," मॅडम म्हणाल्या.
फाइल रविवारी सेव्ह झालेली. वसंतभाऊंच्या नावाने. पासवर्ड बदलायच्या जरा आधी.
रिपोर्ट गेला. ऑपरेशन मोठं होणार.

शुक्र., १४

मॅडमचं स्पष्ट म्हणणं: अनोळखी हात रिपोर्टमध्ये चालणार नाही, ते खातं बंद. बरोबरच आहे.
आधी वहिनींना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, भाऊंचा पासवर्ड कोणाला माहीत होता का.
"मला त्यांनी कधी स्कूटरची चावी दिली नाही, पासवर्ड काय देतील!" हसल्या. मग म्हणाल्या, "अजून चालू आहे का त्यांचं तिथे?"
हो म्हणालो.
"वर्षश्राद्ध होऊ द्या. मग काढा."
मॅडमना काय सांगू? सोमवारी बघू.

सोम., १७

परत बंद. किल्ली ६, तिकीट ७.
काल दुपारी. तेच मशीन. जुना पासवर्ड घालून नवा.
जुना म्हणजे मी दिलेला. वीस अक्षरं, कुठे लिहिली नाहीत, कोणाला सांगितली नाहीत. घरी झोपेत बडबडतो का, असं हिला विचारलं. "घोरता," म्हणाली.
या वेळी स्लाइडवर काही नाही. नुसता पासवर्ड.
शेअर नव्या खात्यावर नेलं. वसंतभाऊंचं खातं बंद केलं. काढलं नाही, फक्त बंद. वहिनींना सांगितलं नाही.
आज आक्काचं ऑपरेशन.

सोम., २४

गेला आठवडा सगळं सुरळीत. तिकीट, किल्ली, दोन्ही १. एवढं स्वच्छ काम माझ्याच हातून क्वचित झालंय. तरी आज दिवसभर तीनतीनदा जाऊन बघत होतो.
आक्काच्या काढलेल्या भागाच्या स्लाइड शनिवारी स्कॅन झाल्या. कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे सगळं निघालं की काही मागे राहिलं, ते बघायचं. मागे राहिलं असेल तर परत टेबलावर घ्यायचं. मालकांचा फोन दोनदा.
मीही उघडून पाहिल्या. मला त्यातलं कळत नाही. हिरवं कुठेच नाही.
संध्याकाळी मॅडमचा फोन. रिपोर्ट टाइप झालाय, कडा मोकळ्या, सही राहिली आहे.
मग:
"ते खातं... एक रविवार चालू ठेवता येईल? सही तोवर थांबवते."
"येईल. एक टिक काढायची."
"हं."
"पण मॅडम, बंद करताना मी पासवर्ड परत बदललाय. तो वसंतभाऊंना कोण सांगणार?"
बोलून गेलो. फोन दोघांनीही ठेवला नाही.