दारिंगबाडीची सव्वीस रोपं

२७ डिसें., जॉन्सनव्हिल
बॅगा भरून झाल्या. इराने स्वतःचे बूट टूथब्रशने घासले, तळव्यातला मातीचा कण न् कण काढला. कुठल्याही रानात जाताना बूट साफ हवेत, असं शाळेत शिकवलंय. माझेही तपासले. बारा वर्षांची पोर, पण जंगलाच्या बाबतीत माझी सासू आहे. नोव्हेंबरात शाळेच्या मुलांना डोंगरावर आपोआप उगवलेले पाइन, म्हणजे 'वाइल्डिंग', उपटायला नेलं होतं. इथे वेलिंग्टनकडे ते तण, बाहेरून आलेलं, इथलं रान गिळणारं. सगळ्यात जास्त हिने उपटले. पोरिरुआला मी काम करते त्या रेस्ट होममध्ये, वृद्धाश्रमात, सगळ्यांना सांगून झालंय माझं. सांगणारच!
तिच्या बाबाला रजा नाही. दोघीच जाणार.

३१ डिसें., ब्रह्मपूर
दादाकडे पोचलो. बँकेने त्याला पुण्याहून उचलून थेट ओडिशात टाकलाय, दोन वर्षं झाली. तो भाचीशी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, मस्त चाललंय दोघांचं. उद्या सकाळी दारिंगबाडी. दादा म्हणे स्वेटर घ्या. आम्ही वेलिंग्टनच्या वाऱ्यात राहतो रे बाबा.

१ जाने., दारिंगबाडी
घाट, सालाचं दाट जंगल, मग एकदम पाइन आणि धुकं. थंडी खरंच आहे, स्वेटर काढावा लागला बॅगेतून. दादा दर वळणावर "ओडिशाचं काश्मीर!" यानेच बांधल्यासारखं.
उतरलोय मिनतीच्या घरी. पन्नाशीची बाई, तीन खोल्या पाहुण्यांना देते, सगळं एकटी बघते. बोलणं तुटक, हिंदी माझ्यापेक्षा बरी. इराने मावशी म्हटलं. ओडियातही जवळजवळ तोच शब्द, त्यामुळे पहिल्यांदा हसली.

२ जाने.
सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. कॉफीची बाग पाहिली, झाडांवर चढलेले मिरीचे वेल. छान चाललं होतं.
दुपारी मिनती बाजारात. मी आणि दादा अंगणात उन्हाला. घरामागच्या उतारावरून इरा आली, कवेत पाइनची वीतवीतभर रोपं. "आई, लुक! वाइल्डिंग पाइन्स! हीप्स ऑफ देम!" मोजली, सव्वीस. चेहरा नुसता फुललेला. मी फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला पण: 'आमची वनरक्षक परदेशातही ऑन ड्यूटी.'
दादा उभाच राहिला. "अगं, ही लावलेली आहेत."
प्रत्येक रोपाशेजारी बांबूची काडी, काडीला लाल चिंधी. इराला वाटलं, उपटायच्या खुणा. नोव्हेंबरात त्यांच्या बाईंनी काढायच्या रोपांनाच लाल फिती बांधल्या होत्या. तिची काय चूक? पण चूक तर झालीच.
मिनतीने दादाला कालच सांगितलं होतं: तिने आणि गावातल्या पाच बायकांनी गेल्या पावसाळ्यात लावलेली. खालून डोक्यावर वाहून आणली होती म्हणे. येत्या पावसानंतर वनखात्याचा माणूस जगलेली रोपं बघणार, त्यावर पुढचं लागवडीचं काम याच बायकांना द्यायचं की नाही ते ठरणार.
दादा हळूच म्हणाला, "परत खोचून ठेवू. विचारलंच तर शेळ्यांनी उपटली म्हणू." मी बरं म्हटलं. इथे खोटं कशाला लिहू, मी बरं म्हटलं. फोटो ग्रुपवरून काढला, तोवर अकरा बदाम येऊन गेले होते.
इराने आमचं सगळं ऐकलं. रोपं स्वतःच्या ओल्या टॉवेलात गुंडाळून बादलीत ठेवली.

३ जाने.
उठले तर इरा अंथरुणात नाही. स्वयंपाकघरात आवाज. दाराशी गेले, आत जायचा धीर झाला नाही.
मिनती चुलीशी. इरा तिच्यासमोर उभी, रडून नाक लाल. इंग्लिशचा काही उपयोग नव्हता, म्हणून मराठीतच, हातवारे करत. "मावशी, तुमची झाडं मी उपटली. शेळी नाही. मी." आणि बादली पुढे केली.
माझी मलाच लाज वाटली आणि त्याच क्षणी तिचा अभिमान. दोन्ही एकदम.
मिनती "कोई बात नहीं" म्हणाली नाही. एकेक रोप उचलून मूळ बघत राहिली. ओडियात काहीतरी बोलली. दादा तोवर माझ्यामागे येऊन उभा होता, पण ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. मग कुदळ आणून इराच्या हातात दिली.
धबधबा राहिला, सूर्यास्त राहिला. दिवसभर रोपं लावली. मी टाकीवरून पाणी वाहिलं, दादाही कुरकुरत वाहत होता. इराने तीन रोपं वरवर लावली, ती मिनतीने परत उपटून तिला खोल खणायला लावलं. हाताला फोड आले. "हात दाखव" म्हटलं तर "आय'म फाइन" म्हणून पाठ फिरवली.
माझी पोर. मी बारा वर्षांची असते तर शेळीच म्हटलं असतं. बेचाळिसाव्या वर्षी म्हणायला तयार होतेच की.

४ जाने.
निघालो. मिनती गाडीपर्यंत आली नाही. उतारावर पाणी घालत होती. इरा वर पळत गेली, काय बोलल्या दोघी कोण जाणे. खाली आली ती सरळ गाडीत बसली.

९ फेब्रु., जॉन्सनव्हिल
शाळा सुरू झाली. दादाने मिनतीचा निरोप फोनवर रेकॉर्ड करून पाठवला: अकरा रोपं तपकिरी पडली. बाकीच्यांचं आत्ता सांगता येत नाही. इराने दोनदा ऐकला.
जेवताना म्हणाली, "आई, जुलैच्या सुट्टीत जाऊया? तिकडे तेव्हा पाऊस असतो ना? आय कॅन प्लांट न्यू वन्स."
म्हटलं, जुलैत तिकडे चिखल असतो, जळवा असतात.
"सो?"

१२ फेब्रु.
मॅनेजरकडे जुलैची रजा मागितली. "परत लग्न?" इंडिया म्हटलं की हिला लग्नच सुचतं. महिनाभर मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, लाजच वाटत होती. आज सांगून टाकली. माझ्या मुलीने तिथे एका बाईची सव्वीस झाडं उपटली, मी लपवणार होते, तिने स्वतः जाऊन सांगितलं, आता परत लावायला जायचं म्हणते. इतक्या मोठ्याने सांगितलं की लाउंजमधल्या आज्यांनी टीव्ही सोडून माना वळवल्या. वळवू देत.
मॅनेजर रजेचं रोस्टर बघून सांगते म्हणाली.
दादाने मिनतीला विचारलं. ती ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. "पहले बारिश आने दो," एवढंच.