मोरजीचा कौल

बाबा, शनिवारी आम्ही सगळे मोरजीला निघणार आहोत, आणि यात कुठेतरी पाणी मुरतंय असा मला दाट संशय आहे. प्रवास तर दोन दिवसांचा. डिचोलीहून सकाळी निघायचं, अस्नोड्यावरून कोलवाळ, पेडण्याला चहा, जेवायला मोरजी. दुसऱ्या दिवशी तेरेखोलची खाडी ओलांडून शिरोड्यापर्यंत जायचं आणि संध्याकाळी घरी. रोज सकाळी चहात पावाचा उंडो बुडवता बुडवता हेच चाललेलं असतं. मुलगा मोबाइलवर नकाशा उघडून बसतो, सून अंडी घालायला येणाऱ्या कासवांबद्दल वाचून दाखवते, आणि माझी बायको, जी लग्नापासून मला कधी काही मागत नाही, ती मध्येच विचारते, "थंय रवाच्या जाग्यावरसून दर्या दिसता मां?"

घर सोडून मुक्कामाला जायचं तर आधी गावच्या देवाला विचारायचं, हे वळण तुमचं. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर घरी बसा. गेल्या सोमवारी बायको आणि सून गावी जाऊन कौल घेऊन आल्या. मी अंगणात ट्रकचं इंजिन ऐकत उभा होतो. बायको गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाली, "उजवो दिलो देवान. गाऱ्हाणा संपाच्या आदीच!" थोड्या वेळाने सुनेला विचारलं, तीही म्हणाली, गाऱ्हाणं संपायच्या आधीच. संध्याकाळी मुलाला विचारलं. तो तर तिथे नव्हताच, तरी त्याचेही शब्द तेच. बाबा, मी जन्मभर ट्रक चालवले आणि चालवून घेतले. अपघातानंतर ड्रायव्हर आणि क्लीनर एकाच शब्दांत हकीकत सांगू लागले की मी समजतो, दोघं वाटेत ठरवून आलेत. शिवाय तुमच्या हातच्या पाकळ्या मी पाहिल्यात. अर्धा अर्धा तास माणसं ताटकळत उभी राहायची.

बायकोला तसं म्हटलं तर ती कधी नाही ती उसळली. "तुमच्या ट्रकांनी सगळो गोंय बघलो, आमी खंय बघलो? माका दर्या दाखवूक देव हो म्हणता, तर तुमच्या पोटात कित्याक दुखता?"

पोटात का दुखतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. मागच्या वर्षी हीच सहल ठरली होती. तेव्हा मीच चुलतभावाला फोन केला होता. तुमच्यानंतर धाकट्या काकांकडे आणि आता त्याच्याकडे देवाचं काम आहे. मी त्याला म्हटलं, ट्रकांच्या हंगामाचे दिवस आहेत, मला हलता येत नाही, डावी पडली तर बरं होईल. तो नुसता हसला, आणि डावी पडली. बायकोने भरलेली पिशवी परत रिकामी केली. ज्याने एकदा असा फोन केला, त्याला दुसऱ्याच्या कौलावर विश्वास कसा ठेवता येणार?

म्हणून काल एकटाच गावी गेलो. चुलतभाऊ समया पुसत बसला होता. मला पाहून म्हणाला, "दादा, तू विचारूक आयलस काय तपासूक?"

"तपासूक," मी म्हटलं. "तुका माझ्या बायलेन काय सांगलां?"

"काय एक सांगूक नाय. आनी आयक, मागच्या खेपेक तुझो फोन इल्लो म्हणून मी पाकळी हलवूक नाय. ती आपसूक पडली." मग समई खाली ठेवून तो म्हणाला, "ह्या देवळात पाकळी एकदाच हलवली. ती काकान, तुझ्या बापाशीन. तुझ्यासाठी."

तुम्ही ही गोष्ट त्याला सांगितलीत, बाबा, मला नाही. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती, डिचोलीच्या खाणींवर माणसं हवी होती, आणि मला देवळातल्या नैवेद्यावर जन्म काढायचा नव्हता. तुम्ही म्हणालात, देव जा म्हणाला तर जा. मला तो गाभारा अजून दिसतो. तुम्ही पाठमोरे, मी हात जोडून डोळे घट्ट मिटलेला. तुमचं गाऱ्हाणं संपतं, तरी कितीतरी वेळ काहीच होत नाही. मग तुमचा आवाज येतो, "उजवी. जा." चुलतभाऊ सांगतो, त्या मधल्या वेळात डावी पडली होती. तुम्ही ती उचललीत, पाण्यात बुडवून पुन्हा लावलीत, आणि उजवी पडेपर्यंत थांबलात.

मी गेलो आणि पुढच्याच सोमवारी तुम्ही देवाचं काम काकांच्या हाती दिलंत. हात थरथरतात म्हणून लोकांना सांगितलंत. सुट्टीत घरी आलो तेव्हा मी बारीक लक्ष ठेवून होतो. तुम्ही कोयत्याने नारळ सोलत होतात आणि हात जराही थरथरत नव्हता. मी ठरवून टाकलं की हा माझ्यावरचा राग आहे. मुलगा खाणीवर गेला, आता कोणासाठी पाकळ्या लावू, असं तुम्ही मला ऐकवताय. त्यानंतर मी तुमच्याशी मोजकंच बोललो. तुम्ही होतात तोवर मोजकंच. ज्या हातांनी देवाचा शब्द फिरवला, ते हात तुम्ही पुन्हा देवाला लावले नाहीत, हे मला सुचलंही नाही. आणि मी मात्र जन्मभर चारचौघांत सांगत फिरलो, की मला देवाने पाठवलं.

अर्थात चुलतभाऊही पोचलेला आहे. ही गोष्ट त्याने कशावरून रचली नसेल, असंही परतताना कोलवाळच्या पुलापर्यंत मनात घोळत होतं. पण ते नारळ सोलणारे हात त्याने पाहिले नव्हते, मी पाहिले होते.

तर मी निघायच्या आधी त्याने समया लावल्या आणि तो म्हणाला, "इश्वास नाय तर परत लावतंय. तुझ्या डोळ्यांनी बघ." पाकळ्या लावल्या, मोरजीचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उभा राहिलो. डावी पडली तर ती उचलून परत लावायला माझा हात धजेल का, हेच मला कळेना. पाकळी पडायच्या आत मी बाहेर येऊन गाडीत बसलो.

हा कागद मी खणात घालून ठेवीन. घरी आल्यावर बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं, उजवीच, मी समोर उभं राहून पाहिली. तिने मान डोलावली आणि माळ्यावरची मोठी पिशवी खाली काढली. बाबा, मी पाहिली नाही.