पोटखराब्याची मालकी

मी, भागोजी रावजी घरत, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार मौजे कातळपाडा, तालुके अलिबाग, जिल्हा कुलाबा, माझ्यामागच्या व्यवस्थेचा हा कागद स्वहस्ते लिहितो. डोके शाबूत आहे. पुतण्या शिवदास तसे मानत नाही. कोर्टात लोकांचे दस्त उतरून काढता काढता तो शहाणा झाला आहे.

डोंगरउताराची जमीन मी स्वकष्टाने घेतली. दर पावसाळ्यात ओहोळ तिथली माती खाडीत नेई, म्हणून ओहोळावर मातीचा बांध घातला. "भागोजीचं तळं पाण्यानं न्हाय, गाळानं भरतंय," म्हणून गाव हसले. मला गाळच हवा होता, हे एकाही दीडशहाण्याच्या डोक्यात आले नाही. सव्वीस वर्षांत बांधामागे छातीभर माती साठली. आज तिच्यात भात पिकतो आणि तेच गाव मला रामराम घालते.

मोजणीच्या वेळी शिवदासने मिजाशीत कागद रंगवले. शेत लागवडीचे, आणि बांध पोटखराबा, म्हणजे जिथे काही पिकत नाही ती जागा. त्याच साली मूल नाही म्हणून त्याने आपली बायको केसर हिला घराबाहेर काढले आणि चारचौघांत दात काढून म्हणाला, "काका, आमच्या वाट्यालाही पोटखराबाच आला." त्या दिवसापासून तो माझ्या मनातून उतरला. केसर माझ्या घरी राहते. दर वैशाखात बांधाची भगदाडे ती बुजवते, जादा पाणी जाण्याचा सांडवा मोकळा करते. शिवदास बांधावर आला तो धोतर सावरतच.

कलम १. राहते घर व म्हैस केसरची.

कलम २. लागवडीचे सर्व शेत शिवदासला. रिकाम्या हाताने गेला तर केसरला जन्मभर कोर्टात खेचील.

कलम ३. पोटखराबा, म्हणजे सबंध बांध सांडव्यासह, एकट्या केसरच्या मालकीचा. तिच्या परवानगीवाचून शिवदासने त्यावर ढेकूळ टाकू नये, उचलूही नये. एक वैशाख डागडुजी चुकली की आषाढात त्याचे शेत खाडीत जाईल. हे कोर्टात शिकवत नाहीत.

केसरला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मामंजी, ते दारात इचारायला आले तर?"

मी म्हटले, "मालकीणबाई म्हणून हाक मारली तरच ओ दे."

हे सर्व राजीखुशीने लिहिले.

सही: भागोजी रावजी घरत

आमच्यासमक्ष सही केली:
मोरू धर्मा थळे
सिराजुद्दीन अब्दुल्ला मुकादम

मुक्काम कातळपाडा, ता. २४ एप्रिल १९३४